पेन्सिलीची फुली

भोईवाड्याच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या शामराव तोरसकरांना सकाळी चहा हवा असला, तरी तो ते तीन भागांत मागत.

"चहाचं आधण अद्याप ठेवलेलं नाही, हे खरं आहे काय? असल्यास, विलंबाची कारणं काय? नसल्यास, चहा कुठे आहे?"

वैशालीवहिनी ओट्याशी उभ्या राहून, पाठ न वळवता सांगत, "हे अंशतः खरं आहे. दूध नासलंय. बाकीचे प्रश्न उद्भवत नाहीत."

संसार असा चालला होता. दोष शामरावांचा नव्हता. तेवीस वर्षं माणूस एकाच भाषेत लिहीत राहिला की ती अंगात मुरते. गिरणीत तीस वर्षं काढलेले त्यांचे वडील कुशाबा निवृत्तीनंतरही घरात ओरडूनच बोलत, मशीन बंद पडलंय हे त्यांच्या घशाला शेवटपर्यंत कळलंच नाही. शामरावांचं मशीन म्हणजे विधानसभा. ते आमदार उन्मेषदादांचे स्वीय सहायक होते, आणि दादांच्या नावाने सभागृहात विचारला गेलेला प्रत्येक प्रश्न त्यांनी घरच्या घडीच्या टेबलावर बसून लिहिलेला होता. बंद पडलेले दवाखाने, न भरलेली पदं, कागदावर बांधलेले आणि जमिनीवर नसलेले रस्ते, असं सगळं. सरकारवर लक्ष ठेवणारा जागरूक लोकप्रतिनिधी म्हणून दादांना दोनदा मानपत्र मिळालं होतं. ती दोन्ही मानपत्रं शामरावांनीच लिहिली होती, कारण देणाऱ्यांकडे लिहिणारा माणूस नव्हता.

दादा त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. एकाच गल्लीतले. लहानपणी शामरावांनी त्याला 'उन्म्या' म्हणून हाकाही मारल्या होत्या आणि लगोरीत रडवलंही होतं. पुढे तो मंडळाचा अध्यक्ष झाला, मग आमदार, आणि 'उन्म्या'चा 'दादा' होताना शामराव आपसूक 'अहो' म्हणायला लागले. दादा मात्र अजून 'शामभाऊ, तू' असंच म्हणत. दोघांमध्ये एक पद्धत ठरून गेली होती. दादांनी जिथे सही करायची, तिथे शामराव पेन्सिलीने एक बारीक फुली मारत. दादा कागद उघडत, फुली शोधत आणि सही करत. वाचण्याचा प्रश्न उद्भवत नसे. तेवीस वर्षांत फुली एकदाही चुकली नव्हती.

चुकलं होतं ते वेगळंच.

सात वर्षांपूर्वी गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज मागवले गेले. घर मिळायचं तर माणूस गिरणीत होता, याचा कागद दाखवायचा. सेवेचा दाखला, तिकीट, पगाराची चिठ्ठी, काहीही. दादांनी मंडळाच्या खोलीत शिबिर लावलं आणि टेबलामागे शामराव बसले. लोक झेरॉक्स घेऊन आले होते. शामरावांनी ती परत केली. "मूळ कागद द्या. झेरॉक्सवर सरकारचा विश्वास नसतो. माझ्याकडे द्या, मी जबाबदार." शामरावांचा सरकारवर नसला तरी सरकारी शिरस्त्यावर पूर्ण विश्वास होता. ट्रंकांच्या तळातून, देवाच्या फोटोंमागून दोनशे चौदा मूळ कागद बाहेर निघाले. शामरावांनी त्यांचे सात गठ्ठे केले, मंडपाच्या उरलेल्या लाल-पिवळ्या नाडीने बांधले आणि विभागाच्या कॉटन ग्रीनच्या गोदामात नेऊन दिले. पोच मिळाली. पोचेवर नावं नव्हती. 'एकूण गठ्ठे : सात' एवढंच.

वर्षभरात गोदामाच्या भिंतीतली पाण्याचा जाडजूड पाइप फुटला आणि गठ्ठे भिजले, अशी बातमी आली.

त्या दोनशे चौदांतला एक कागद शेवंतीकाकींचा होता. काकी शेजारच्याच खोलीत राहत. वय अठ्ठ्याहत्तर, गिरणीतला नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, कंबर धरलेली, जीभ मात्र मोकळी. शामराव ऑफिसला निघाले की काकी दारात बसलेल्या असत.

"काय रे शामा, माझो कागद गावलो?"

"बघतोय काकी."

"बघ, बघ. डोळे फुटासर बघ."

हे सहा वर्षं चाललं होतं. सणासुदीलाही खाडा नाही.

शामरावांनी तेव्हा त्यांना येत होतं ते केलं. प्रश्न लिहिला. 'कॉटन ग्रीन येथील गोदामात ठेवलेले गिरणी कामगारांचे मूळ सेवाविषयक कागद पाण्याने भिजून नष्ट झाले, हे खरे आहे काय? असल्यास, अशा कामगारांना पर्यायी पुरावा देण्याची संधी देण्याबाबत कोणती कार्यवाही करण्यात आली वा येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' आयुष्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. यादीत तो एकतिसाव्या क्रमांकावर आला आणि प्रश्नोत्तराचा तास चौथ्या प्रश्नावर संपला. लेखी उत्तर आलं : माहिती घेण्यात येत आहे.

ती सहा वर्षं घेण्यात येत होती.

मग दोन वर्षांपूर्वी वारं फिरलं. दादांचा पक्ष सत्तेत आला, दादा राज्यमंत्री झाले, आणि खातंही नेमकं तेच मिळालं. भोईवाड्यात फटाके वाजले. शामरावांनी काकींना पेढा देऊन सांगितलं, "आता आपलंच सरकार आहे काकी. महिन्याभरात काम होईल." काकींनी पेढा अर्धाच खाल्ला. उरलेला काम झाल्यावर खाईन म्हणाल्या. शामरावांनी दादांपुढे टिपण ठेवलं. दादा घाईत होते, फुलीपाशी सही झाली आणि टिपण सचिवांकडे गेलं. तिथून 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन परत आलं. असं पाच वेळा झालं. चर्चा कोणी कोणाशी करावी हे शेऱ्यात नव्हतं. मंत्रालयात गेल्यापासून शामरावांना एक नवी गोष्ट कळली होती. बाहेरून पाहताना सरकार म्हणजे एक मोठा दरवाजा वाटतो, लाथ मारली की उघडेल असा. आत गेल्यावर कळतं, आत नुसत्याच खुर्च्या आहेत आणि त्यांवर बसलेली माणसंही शामरावांइतकीच दमलेली आहेत.

मार्च महिन्यात, अधिवेशन चालू असताना, एका सोमवारी अवर सचिव मेघनाबाईंनी उत्तरांची फाइल आणून ठेवली. मेघनाबाई कामसू होत्या. डबा दुपारी चारला खायच्या, तोही फाइल वाचत.

"नऊ प्रश्न आहेत शामराव. साहेबांची सही आजच हवी. गुरुवारी सभागृहात."

शामरावांनी पेन्सिल काढली आणि एकेका उत्तराखाली फुल्या मारत निघाले. सातव्या प्रश्नापाशी पेन्सिल थांबली. विचारणारी विरोधी पक्षाची नवी आमदार होती, रुचाताई. प्रश्न मात्र अक्षर न् अक्षर शामरावांचा होता. तिच्या माणसाने जुन्या यादीतून जसाच्या तसा उचलला होता. समोर उत्तर टंकलेलं होतं.

(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

शामरावांना क्षणभर कोणीतरी त्यांचाच हात धरून त्यांच्याच मुस्काटात मारल्यासारखं वाटलं.

"बाई, हे खरं आहे," ते म्हणाले.

"असेल हो. पण फाइलवर पाहणी अहवाल आहे, 'अभिलेख सुस्थितीत' म्हणून. मी त्याबाहेर कशी जाऊ? आणि 'खरे आहे' लिहिलं की जबाबदार कोण, चौकशी केली का, कारवाई काय, तीन उपप्रश्न येतात. 'खरे नाही' म्हटलं की निदान जेवायला मिळतं."

"आणि त्या दोनशे चौदा लोकांचं काय?"

मेघनाबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. नियम दोघांनाही पाठ होता. कागद सरकारच्या ताब्यात असताना नष्ट झाला असं विभागाने मान्य केलं, तरच अर्जदाराला प्रतिज्ञापत्र आणि दोन साक्षीदारांवर भागवता येणार होतं. नाहीतर 'अर्जदाराने मूळ कागद सादर केला नाही' म्हणून अर्ज निकाली. जूनअखेर यादी कायमची बंद होणार होती. म्हणजे सभागृहात एकदा 'हे खरे नाही' असं म्हटलं गेलं, की शेवंतीकाकींनी कागद कधी दिलाच नव्हता, असं ठरणार होतं.

"उद्यापर्यंत थांबा," शामराव म्हणाले. "मी गोदाम बघून येतो."

"बघून काय होणार?"

"काही नाही. पण सात वर्षांत मीसुद्धा बघितलेलं नाही."

मंगळवारी सकाळी ते विभागातल्या गौतम नावाच्या तरुण कक्ष अधिकाऱ्याला घेऊन कॉटन ग्रीनला गेले. गौतमने वाटेत पाहणी अहवाल वाचून दाखवला. पहिल्या पानावर 'अभिलेख सुस्थितीत' होतं. दुसऱ्या पानावर, खाली, बारीक अक्षरात : 'चावी उपलब्ध नसल्याने पाहणी बाहेरून करण्यात आली.'

"बाहेरून सुस्थितीतच आहे सर," गौतम गोदामाकडे बघत म्हणाला. "रंग पण दिलाय."

पहारेकरी रमाकांत स्टुलावर बसून डुलक्या घेत होता. चावी मागितल्यावर तो चकित झाला. "चावी कसली? कुलूप कधीच गंजून पडलं. दार आपोआप लागतं म्हणून मी त्याला अडण लावलीय."

अडण म्हणून लावलेल्या वस्तूकडे शामरावांनी पाहिलं. विटेसारखं काहीतरी करडं, कठीण. त्याभोवती लाल-पिवळी नाडी होती.

आत बाकीचे सहा होते. पाण्याने एकजीव होऊन वाळलेले. वाळवीने आतून वाटा काढलेल्या. शामरावांनी एकाचं टोक उलगडून पाहिलं तर भाकरीच्या पापुद्र्यासारखा चुरा हातात आला, आणि त्यात कुणाच्या तरी फोटोचा अर्धा कान. ते खाली उकिडवे बसले. मग गौतमला म्हणाले, "मोजा."

"सात, सर."

"लिहा. तारीख घाला. आतून पाहणी केली, असं लिहा."

गौतमने लिहिलं आणि अदबीने विचारलं, "सर, तुमचं कोणी आहे का यात?"

शामराव गुडघ्यावर हात टेकून उठले. "मीच आहे. 'मूळ कागद द्या' म्हणणारा."

संध्याकाळी फाइल दादांपुढे गेली. गौतमचा अहवाल तिला जोडलेला होता. आता शामरावांसमोर एक फार सोपा रस्ता होता, आणि तो दिसत असल्यामुळेच ते दिवसभर अस्वस्थ होते. उत्तर स्वतः बदलायचं, 'हे खरे आहे' असं टंकून घ्यायचं आणि खाली फुली मारायची. दादांनी वाचलं नसतं. तेवीस वर्षांत वाचलं नव्हतं. पण म्हणूनच ते करता येईना. फुली म्हणजे 'इथे डोळे मिटून सही कर, मी बघितलंय' असा शब्द होता, आणि एकदा 'मी जबाबदार' म्हटल्यावर काय झालं, ते शामराव सकाळीच पाहून आले होते.

दादांनी पटापट सह्या केल्या. सातव्या पानावर पेन हवेत थांबलं. त्यांनी पान उलटं केलं, सुलटं केलं.

"शामभाऊ, फुली कुठाय?"

"नाही मारली."

"पेन्सिल संपली?"

"पेन्सिल आहे. हे वाचून सही करा, म्हणून नाही मारली."

दादांनी चष्मा शोधला. तो गाडीत होता, कारण वरती त्याचं काही काम पडत नसे. शामरावांनी आपला काढून दिला. दादा वाचू लागले. एक मंत्री आपल्या सहायकाचा चष्मा नाकावर घेऊन आपल्याच जुन्या प्रश्नाला आपलंच नवं उत्तर वाचतो आहे, हे बघताना बाजूला उभ्या असलेल्या मेघनाबाईंनाही डबा उघडावासा वाटेना.

"प्रश्न कोणी लिहिलाय? चोख आहे."

"मी. सहा वर्षांपूर्वी, तुमच्या नावाने."

दादांनी अहवाल वाचला. "'खरे आहे' म्हटलं तर विचारतील, दोन वर्षं तू काय करत होतास?"

"विचारतील."

"काय सांगू?"

"फुल्या बघत होतो, असं सांगू नका म्हणजे झालं."

दादा हसले नाहीत. तेही दमलेलेच होते. त्या दिवशी त्यांनी चार उद्घाटनं आणि एक सामुदायिक मुंज उरकली होती. शेवटी मेघनाबाईच मध्ये पडल्या. "सर, 'हे अंशतः खरे आहे' असं म्हणू या. अंशतः म्हटलं की दुसरा भाग उद्भवतो. पर्यायी पुराव्याचं उत्तर देता येतं."

सरकार ज्याला सत्य म्हणतं त्याची सगळ्यात मोठी साइज 'अंशतः' हीच असते, हे शामरावांना ठाऊक होतं. दादांनी स्वतः जागा शोधून सही केली. ती नेहमीपेक्षा बरीच वाकडी आली.

गुरुवारी शामराव अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसले होते. प्रश्नांचा क्रम यंदा बरा होता, तिसरा. रुचाताई उभ्या राहिल्या. वयाने तिशीच्या, आवाज टिपेचा. "अध्यक्ष महोदय, मंत्रिमहोदय म्हणतात अंशतः खरे आहे. अंशतः म्हणजे किती? सातपैकी किती गठ्ठे?"

दादांनी गॅलरीकडे बघितलं. ती नजर शामरावांच्या ओळखीची होती. लगोरीत चेंडू कुठे मारायचा ते विचारणारी. शामरावांनी चिठ्ठीवर तीन शब्द लिहिले, घडी केली आणि शिपायाच्या हाती दिली. शेजारी बसलेल्या मेघनाबाईंनी ते शब्द कडेने वाचले आणि डोळे मिटून घेतले.

दादांनी चिठ्ठी उघडली. या वेळी चष्मा बरोबर होता. त्यांनी ती वाचली, वर गॅलरीकडे पाहिलं, पुन्हा वाचली. सभागृह कुजबुजायला लागलं.

"अध्यक्ष महोदय," दादा म्हणाले, "सातपैकी सात गठ्ठे."

मग जो गदारोळ झाला, त्यात 'ही कसली अंशतः?' आणि 'राजीनामा द्या' इतकंच काय ते ऐकू आलं. दादा मात्र उभे होते. गोंधळ ओसरल्यावर त्यांनी सांगून टाकलं, या सर्वांचा पर्यायी पुरावा ग्राह्य धरला जाईल, आदेश दोन महिन्यांत निघेल. खाली बसताना त्यांनी घाम पुसला. शामरावांना गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदाच तो उन्म्या दिसला.

दुसऱ्या दिवशी दादांनी त्यांना बोलावलं. "शामभाऊ, वरून फोन आला होता. तू जरा भोईवाड्याचं ऑफिस सांभाळ. मतदारसंघाला तुझी गरज आहे."

"बरं," शामराव म्हणाले. मतदारसंघाला कुणाची गरज केव्हा निर्माण होते, यावर त्यांनी एकदा तारांकित प्रश्नही लिहिला होता. उत्तर आलं नव्हतं.

"रागावलास?"

"हे खरं नाही," शामराव म्हणाले, आणि जाता जाता पेन्सिल टेबलावर ठेवून आले.

त्या संध्याकाळी काकी दारातच होत्या. "काय रे शामा, गावलो?"

"नाही काकी. पण कागद गेला, हे आता सरकारने मान्य केलं."

काकींनी त्यांच्याकडे बघितलं, जसं तापाच्या माणसाकडे बघतात. "ह्या आमका सा वर्सां म्हायत आसा. सरकाराक आज कळला?"

"अंशतः," शामराव म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी वैशालीवहिनी आतून खळखळून हसल्याचं ऐकू आलं.

आदेश दोन महिन्यांत निघाला नाही. शामरावांनी भोईवाड्यातून मेघनाबाईंना आठवड्याला एक पत्र पाठवलं, प्रत्येकात तीन भाग. जूनच्या पहिल्या आठवड्यात आदेश निघाला. तोवर दोनशे चौदांतले अकरा जण उरले नव्हते. बाकीच्यांची प्रतिज्ञापत्रं शामराव ऑफिसात बसून लिहू लागले, दिवसाला दहा-बारा, पाठ मोडेपर्यंत. काकींसाठी दोन साक्षीदार मिळवणं अवघड गेलं. नवऱ्याबरोबर कामाला असलेला एक लालबागला, मुलीकडे अंथरुणाला खिळलेला सापडला. दुसरा ऐकू न येणारा. दोघांनी अंगठे दिले.

शेवटी शामराव कागद घेऊन काकींच्या खोलीत आले. उंबऱ्यापाशी बसले, कागद काकींच्या मांडीवरच्या पाटावर ठेवला आणि सवयीने, घरून निघताना वैशालीवहिनींच्या पोथीतून मागून आणलेल्या पेन्सिलीने, खाली उजवीकडे एक बारीक फुली मारली.

"इथे सही करा काकी."

काकींनी पेन घेतलं. सही त्यांना येत होती. साक्षरता वर्गात शिकल्या होत्या आणि त्याचा त्यांना माज होता. पण त्यांनी पेन टेकवलं नाही.

"आदी वाचून दाखव."

"अहो, मीच लिहिलंय. मी बघितलंय सगळं."

"तू बघितलंस म्हणानच सांगतंय. वाच."

शामरावांनी चष्मा लावला. गेल्या तेवीस वर्षांत त्यांनी लिहिलेला कागद कुणी त्यांना वाचायला लावला नव्हता. ते वाचू लागले, हळूहळू, एकेक वाक्य. 'माझे पती गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर, एकोणतीस वर्षे कामाला होते...'

"थांब," काकी म्हणाल्या. "साचाखात्यात नाय रे. त्रासनात होते. सूत कातुक. साच्यावर तुझो बापूस होतो."

कुशाबांचा तो मोठा आवाज शामरावांच्या कानात घुमून गेला. त्यांनी 'साचाखात्यात, म्हणजे मागावर' खोडलं, वर 'त्रासनखात्यात' लिहिलं आणि खाडाखोडीपाशी काकींची छोटी सही लागेल म्हणून तिथेही एक फुली मारली.

"आता पुढे वाच," काकी म्हणाल्या.